एका क्लिकला किती परवडतं? सर्च जाहिरातींतून अ‍ॅफिलिएट कमाई वाढवण्याची पद्धत

गूगलवर पैसे मोजून जाहिरात लावायची, तिच्यावरून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दुकानात पाठवायचं आणि विक्री झाली की कमिशन घ्यायचं. धंदा ऐकायला सोपा आहे. अडचण अशी की खर्च रोज होतो, कमाई पक्की व्हायला दोन महिने लागतात, आणि कोणत्या शब्दावरून विक्री आली हे आपणहून कोणी सांगत नाही. बोली (एका क्लिकसाठी आपण जास्तीत जास्त किती द्यायचे ती रक्कम) चुकल्यामुळे बुडणारे थोडे. मंजूर झालेल्या कमिशनची बातमी कीवर्डपर्यंत (ज्या शोधशब्दावर जाहिरात लावली त्याच्यापर्यंत) परत पोचवायची सोयच केलेली नसते, म्हणून बुडणारे फार. त्यामुळे जाहिरातीच्या मजकुरापेक्षा हिशेब आणि ट्रॅकिंग यांना इथे जास्त जागा दिली आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेऊ: छोट्या दुकानदारांसाठीचं जीएसटी बिलिंग सॉफ्टवेअर. आपलं पान अशा चार-पाच सॉफ्टवेअरची तुलना करतं आणि वर्षाचा प्लॅन विकला गेला की ९०० रुपये कमिशन मिळतं, असं धरू. आकडे नमुन्याचे आहेत. पद्धत तीच ठेवून स्वतःचे घाला.

आधी प्रोग्रामच्या अटी

जाहिरात खातं उघडण्याआधी अ‍ॅफिलिएट प्रोग्रामच्या अटींत पाच गोष्टी शोधा. सर्च जाहिरातींना परवानगी आहे का? कंपनीच्या नावावर बोली लावता येते का? जाहिरातीतून थेट कंपनीच्या साइटवर पाठवता येतं, की मध्ये स्वतःचं पान लागतं? कुकी, म्हणजे ग्राहक आपल्याकडून आला याची त्याच्या ब्राउझरमधली खूण, किती दिवस टिकते? विक्री मंजूर व्हायला किती दिवस लागतात?

अ‍ॅमेझॉनचं उदाहरण बोलकं आहे. सर्च जाहिरातीतून थेट अ‍ॅमेझॉनच्या पानावर पाठवणं आणि अ‍ॅमेझॉनच्या नावावर किंवा त्याच्या चुकीच्या स्पेलिंगवर बोली लावणं, दोन्हींना तिथे मनाई आहे. क्लिकनंतरची मुदत साधारण २४ तासांची. आज पाहून आठवड्याने विकत घेण्याच्या वस्तूंसाठी एवढी मुदत सशुल्क जाहिरातीला पुरत नाही. बिलिंग सॉफ्टवेअरसारखा, दुकानदार चार दिवस विचार करून घेणार असा माल असेल, तर ३० दिवसांची कुकी असलेलाच प्रोग्राम धरा.

कंपनीच्या नावावरच्या बोलीचा मोह मोठा असतो, कारण नाव टाकून शोधणारा माणूस विकत घ्यायच्या तयारीतच आलेला असतो. अटींत मनाई असेल तर सगळं कमिशन जप्त होऊ शकतं. कायद्याची बाजूही आहे. अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स या नावावरून झालेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं, की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून घेणं हा ट्रेडमार्क कायद्याच्या अर्थाने त्या नावाचा ‘वापर’ आहे. तेवढ्याने उल्लंघन सिद्ध होत नाही. ग्राहकाचा गोंधळ होतो का, हे पाहिलं जातं. पण अ‍ॅफिलिएटची जाहिरात कंपनीच्या जाहिरातीसारखी दिसली, तर गोंधळ दाखवून देणं फारसं कठीण नसतं.

बोलीची वरची मर्यादा काढा

हे गणित कागदावर करा. त्याला चार आकडे लागतात.

विक्रीमागे कमिशन ९०० रुपये. त्यातल्या ८० टक्के विक्री मंजूर होतात असं धरलं (बाकीच्या रद्द, परतावा किंवा जुना ग्राहक म्हणून नामंजूर), तर हाती ७२० रुपये. आपल्या पानावर आलेल्यांपैकी ३५ टक्के लोक पुढे कंपनीच्या साइटवर जातात. तिथे गेलेल्यांपैकी ४ टक्के विकत घेतात. म्हणजे जाहिरातीवरच्या १०० क्लिकांतून १.४ विक्री, आणि एका क्लिकची कमाई १० रुपये ८ पैसे.

गूगल भारतात जाहिरात खर्चावर १८ टक्के जीएसटी लावतं, आणि खात्यात दिसणारा ‘कॉस्ट’ त्याशिवायचा असतो. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर हा कर पूर्ण तुमच्या खिशातून जातो. मग ना नफा ना तोटा अशी बोली १०.०८ भागिले १.१८, म्हणजे साधारण साडेआठ रुपये. कमाईतले ३० टक्के आपल्याकडे राहावेत असं वाटत असेल, तर क्लिकमागे ६ रुपयांच्या वर जाता येत नाही.

आता गूगलच्या जाहिरात खात्यातलं कीवर्ड प्लॅनर हे साधन उघडा आणि शोधनिकालांच्या पानावरच्या वरच्या जागेसाठी दाखवलेल्या बोलींपैकी खालची पाहा. तिथे २५ रुपये दिसत असतील तर कॅम्पेन बांधूच नका. आधी चारपैकी एखादा आकडा हलतो का ते बघा. पुढे जाणाऱ्यांचं प्रमाण ३५ वरून ५० टक्क्यांवर नेलं तर क्लिकची कमाई १४ रुपये ४० पैसे होते. जास्त कमिशनचा प्रोग्राम मिळतो का, नेमकी गरज सांगणारे लांब कीवर्ड स्वस्त पडतात का, हेही तपासा. काहीच हललं नाही तर विषय सोडून द्या. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

विक्री कीवर्डपर्यंत परत आणणं

सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा ही. गूगलला फक्त तुमच्या पानापर्यंतचं दिसतं, अ‍ॅफिलिएट नेटवर्कला (कंपनीसाठी विक्री मोजून कमिशन देणाऱ्या संस्थेला) फक्त तुमच्या पानापासून पुढचं. दोघांना जोडणारा दुवा तुम्हालाच बांधावा लागतो.

१. गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात ऑटो-टॅगिंग चालू करा. मग प्रत्येक क्लिकबरोबर पानाच्या पत्त्याला जीसीएलआयडी नावाची लांबलचक ओळख जोडून येते.

२. पान उघडताच छोट्या स्क्रिप्टने ती ओळख वाचून आपल्याच डोमेनच्या कुकीत ठेवा, म्हणजे माणूस साइटवरच्या दुसऱ्या पानावर गेला तरी ती हरवत नाही.

३. ‘प्लॅन पाहा’ बटण दाबलं की स्वतःचा छोटा क्रमांक तयार करा, समजा ४८२१७. एका तक्त्यात क्रमांक, जीसीएलआयडी, तारीख-वेळ, पान आणि कोणतं बटण दाबलं, एवढं नोंदवा.

४. तो छोटा क्रमांक अ‍ॅफिलिएट लिंकच्या सबआयडीमध्ये (लिंकमध्ये आपली खूण टाकायची जागा) पाठवा.

५. नेटवर्कच्या अहवालात विक्रीसमोर ४८२१७ दिसला की तक्त्यातून त्याचा जीसीएलआयडी काढा आणि गूगलमध्ये ऑफलाइन कन्व्हर्जन (गूगलच्या नजरेबाहेर झालेली विक्री) म्हणून चढवा: कन्व्हर्जनचं नाव, वेळ, रक्कम, चलन.

जीसीएलआयडी थेट सबआयडीत टाकला तर काम वाचेल असं वाटतं. पण त्यात इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरक महत्त्वाचा असतो. काही नेटवर्क सबआयडी सरसकट स्मॉलमध्ये बदलतात, काही ठरावीक लांबीनंतर कापतात. दोन्हींत अपलोड नाकारला जातो, आणि का ते पटकन उमगत नाही. म्हणून आपला छोटा क्रमांक बरा.

आणखी तीन खड्डे आहेत. नवी कन्व्हर्जन अ‍ॅक्शन (काय मोजायचं याची गूगल खात्यातली नोंद) तयार केल्यावर अपलोडआधी चार ते सहा तास थांबा. वेळेसोबत भारतीय वेळेचा फरक, म्हणजे अधिक ०५:३०, लिहा. नाहीतर कन्व्हर्जन क्लिकच्या आधी झाल्यासारखं दिसून ओळ बाद होऊ शकते. आणि क्लिकला ९० दिवस उलटून गेल्यावर चढवलेली विक्री घेतली जात नाही.

या ९० दिवसांमुळे एक निर्णय करावाच लागतो. मंजुरीला ६० दिवस लागत असतील आणि मंजुरीनंतरच विक्री चढवली, तर गूगलला नेहमी शिळी माहिती मिळते. म्हणून विक्री ‘प्रलंबित’ दिसताच चढवा, मात्र रक्कम ९०० नव्हे, मंजुरीचं प्रमाण धरून ७२० लिहा. पुढे नामंजूर झालेल्या विक्री मागे घेऊ नका, कारण त्यांची वजावट ७२० मध्ये आधीच झाली आहे. पूर्ण ९०० चढवून नामंजूर मागे घेण्याची पद्धतही चालते. दोन्ही एकत्र केलंत तर कपात दोनदा होते आणि चांगले कीवर्ड वाईट दिसू लागतात.

बटण दाबणं हेही कन्व्हर्जन म्हणून नोंदवा, पण ‘सेकंडरी’ ठेवा, म्हणजे ते फक्त मोजलं जातं; बोली ठरते ती ‘प्रायमरी’वरून. ते प्रायमरी राहिलं तर गूगल बटण दाबणारी माणसं शोधून आणतं, विकत घेणारी नव्हे. अगदी सुरुवातीला विक्रीच नसतील तेव्हा तात्पुरतं प्रायमरी केलं तर त्याची किंमत २८ रुपये ८० पैसे ठेवा: ७२० चे ४ टक्के.

सगळं जोडल्यावर स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करून तपासू नका. पत्त्याच्या शेवटी खोटा जीसीएलआयडी लावून पान उघडा, बटण दाबा आणि तक्त्यात ओळ पडते का, नेटवर्कच्या क्लिक अहवालात तोच क्रमांक दिसतो का, ते पाहा.

कीवर्ड: दोन लिप्या, एक दुकानदार

‘बिलिंग सॉफ्टवेअर म्हणजे काय’ शोधणारा शिकायला आलेला असतो. ‘किराणा दुकानासाठी बिलिंग सॉफ्टवेअर किंमत’ शोधणारा खरेदीच्या जवळ असतो. किंमत, तुलना, सर्वोत्तम, पर्याय, धंद्याचा प्रकार (मेडिकल, हार्डवेअर, कापड दुकान), अडचण (बारकोड, ऑफलाइन चालणारं, मराठीत बिल) असे शब्द ज्यात आहेत ते आठ-दहा कीवर्ड निवडा. सुरुवातीला एक्झॅक्ट मॅच (त्याच अर्थाचा शोध) आणि फ्रेज मॅच (तो अर्थ ज्यात आहे असा शोध). विक्रीची माहिती साठल्याशिवाय ब्रॉड मॅच (विषयाशी जुळणारा कोणताही शोध) नको.

मराठी दुकानदार एकच गोष्ट तीन तऱ्हांनी शोधतो: देवनागरीत, रोमन लिपीतल्या मराठीत आणि सरळ इंग्रजीत. तिन्ही वेगळ्या अ‍ॅड ग्रुपमध्ये (कीवर्ड आणि त्यांच्या जाहिराती यांचा गट) ठेवा, कारण जाहिरातीची भाषा बदलावी लागते. भाषेच्या सेटिंगमध्ये फक्त मराठी निवडून थांबू नका. अनेकांच्या फोनची भाषा इंग्रजी असते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी, तिन्ही ठेवा.

निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसू नये अशा शब्दांची, यादी पहिल्या दिवशीच लावा: फ्री, मोफत, क्रॅक, डाउनलोड, लॉगिन, कस्टमर केअर, नोकरी, पगार, कोर्स, पीडीएफ, एक्सेल फॉरमॅट. निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द किंवा एकवचन-अनेकवचन आपणहून धरत नाहीत. ‘फ्री’ लावलं म्हणून ‘मोफत’ अडत नाही. प्रत्येक शब्द दोन्ही लिप्यांत घाला.

नावावर बोलीची मनाई असलेल्या प्रत्येक कंपनीचं नावही निगेटिव्हमध्ये गेलंच पाहिजे. तुम्ही ते नाव कीवर्ड म्हणून घेतलेलं नसलं, तरी फ्रेज आणि ब्रॉड मॅचमधून तुमची जाहिरात त्या शोधावर दिसू शकते, आणि कंपनीच्या तपासणीत ते तुमच्याच नावावर जमा होतं. ‘मला माहीत नव्हतं’ तिथे चालत नाही.

सर्च टर्म्सचा (लोकांनी प्रत्यक्ष काय शोधलं त्याचा) अहवाल पहिले दोन आठवडे रोज पाहा, नंतर आठवड्यातून दोनदा. सप्टेंबर २०२० पासून गूगल कमी शोधले जाणारे शब्द त्यात दाखवत नाही. खर्चाची बेरीज अहवालात जुळली नाही तर गोंधळू नका.

सेटिंग: जिथे पैसे न सांगता गळतात

सर्च कॅम्पेन तयार करताना डिस्प्ले नेटवर्कची (इतर साइट आणि अ‍ॅपवरच्या जाहिराती) खूण काढा. सर्च पार्टनर्सचीही (गूगलचा शोध वापरणाऱ्या दुसऱ्या साइट) सुरुवातीला काढा. ठिकाणात ‘तिथे असलेले किंवा त्यात रस असलेले’ हा मूळ पर्याय बदलून फक्त तिथे असलेले लोक निवडा. शिफारशी आपोआप लागू होण्याची सोय बंद ठेवा. २०२५ मध्ये आलेलं एआय मॅक्सही पहिल्या दोन महिन्यांत नको, कारण ते तुम्ही न निवडलेल्या शोधांपर्यंत जाहिरात नेतं.

रोजचं बजेट ५०० रुपये लावलं तरी एखाद्या दिवशी हजारापर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पट.

जाहिरात आणि पान

रिस्पॉन्सिव्ह सर्च जाहिरातीत (दिलेल्या मथळ्या-वर्णनांतून गूगल स्वतः जोड्या लावतं ती जाहिरात) १५ पर्यंत मथळे, प्रत्येकी ३० अक्षरांचे; आणि ४ वर्णनं, प्रत्येकी ९० अक्षरांची. देवनागरीत ही जागा लवकर संपते, कारण वेलांटी, काना, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘बिलिंग सॉफ्टवेअर’ एवढ्यातच १६ खर्च होतात. ‘किराणा दुकानासाठी बिलिंग’ २४ मध्ये बसतं.

तुम्ही तुलना करणारे आहात, ते लपवू नका. ‘५ सॉफ्टवेअरची तुलना’, ‘बारकोड कुणात चालतो?’ असे मथळे कंपनीच्या जाहिरातीपेक्षा वेगळे उठून दिसतात. ‘अधिकृत’ हा शब्द वापरू नका. बदलत राहणारी किंमत मथळ्यात लिहू नका; कंपनीने दर वाढवले की तुमची जाहिरात खोटी ठरते.

पानाबाबत गूगलचा नियम स्पष्ट आहे: ज्या पानाचं काम केवळ लोकांना दुसरीकडे पाठवणं एवढंच आहे, ते चालत नाही. कंपनीचा मजकूर उचलून खाली बटण लावलेलं पान पहिल्याच तपासणीत नाकारलं जाऊ शकतं. पानावर स्वतःचं काही हवं: प्रत्यक्ष वापरून काढलेले स्क्रीनशॉट, बिलाचा नमुना, थर्मल प्रिंटर जोडण्याच्या पायऱ्या, इंटरनेट गेलं तर बिल निघतं का याचं उत्तर, नूतनीकरणाचा दर आणि एखाद्या सॉफ्टवेअरचा दोषही. दोष लिहिल्याने पुढे जाणारे किंचित कमी होतात, पण जे जातात ते ठरवून जातात.

मोबाइलवर पहिल्या स्क्रीनमध्येच तुलनेचा छोटा तक्ता आणि बटण दिसलं पाहिजे. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत उघडावा. कमिशन मिळत असल्याची ओळ मराठीत, बटणांच्या वर आणि वाचता येईल अशा आकारात लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याने आपला आर्थिक संबंध उघड करणं अपेक्षित आहे.

जाहिरात ‘पान उघडत नाही’ म्हणून नाकारली गेली आणि तुमच्याकडे पान नीट उघडत असेल, तर सर्व्हरची सुरक्षा यंत्रणा पानं तपासणाऱ्या गूगलच्या अ‍ॅड्सबॉटला अडवते आहे का ते पाहा. तपासणाऱ्याला एक पान आणि ग्राहकाला दुसरं, असली चलाखी केली तर खातं कायमचं बंद होतं, आणि नवं खातं काढणं हाही वेगळा गुन्हा धरला जातो.

कीवर्ड कधी बंद करायचा

घाईने बंद करणं आणि आशेवर चालू ठेवणं, दोन्हींत पैसे जातात. आपल्या उदाहरणात सरासरी ७१ क्लिकांमागे एक विक्री येते. मग ७१ क्लिकांत एकही विक्री आली नाही तर कीवर्ड वाईट का? नाही. चांगल्या कीवर्डच्या बाबतीतही तसं होण्याची शक्यता साधारण ३७ टक्के असते. अपेक्षेच्या तिप्पट, म्हणजे २१५ क्लिक कोरडे गेले, तर मात्र तो कीवर्ड चांगला असण्याची आशा सोडावी. चांगल्या कीवर्डला एवढं दुर्दैव शंभरात पाचदाच येतं.

तर एका कीवर्डची परीक्षा २१५ क्लिकांची. ६ रुपये दराने १,२९० रुपये, जीएसटीसह सुमारे १,५२०. आठ कीवर्डना साधारण १२,२०० रुपये, आणि ५०० च्या बजेटने तीन आठवडे. एवढी रक्कम बाजूला काढता येत नसेल तर आठऐवजी तीनच कीवर्ड घ्या, पण परीक्षा अर्धवट सोडू नका. अपवाद एकच: बटणच कोणी दाबत नसेल तर ५०-६० क्लिकांतच कळतं, तिथे थांबायचं कारण नाही.

बोली सुरुवातीला मॅन्युअल, नाहीतर मॅक्सिमाइज क्लिक्सला (बजेटात जास्तीत जास्त क्लिक आणणारी आपोआप बोली) कमाल ६ रुपयांची मर्यादा घालून. महिन्याला ३० च्या आसपास विक्री नोंदवल्या जाऊ लागल्या की टार्गेट आरओएएसकडे जा, म्हणजे जाहिरात खर्चाच्या किती टक्के कमाई हवी ते सांगून बोली गूगलवर सोपवा. आपल्या हिशेबात १०.०८ भागिले ६, म्हणजे १६८ टक्के. गूगल खर्च जीएसटीशिवाय मोजतं, त्यामुळे नोंदणी नसलेल्याचा ना नफा ना तोटा १०० वर नसून ११८ टक्क्यांवर असतो. खात्यात ११० दिसतंय म्हणून खूश असलेला माणूस प्रत्यक्षात तोट्यात असतो. टार्गेट बदलायचं तर एका वेळी १५-२० टक्क्यांनी, आणि मग दोन आठवडे हात लावायचा नाही.

विक्री होते, कमिशन येत नाही

क्लिक ठीक, पुढे जाणारे ठीक, तरी नेटवर्कमध्ये विक्री शून्य दिसत असेल, तर आधी कीवर्डला दोष देऊ नका. मोबाइलवर लिंक दाबताच कंपनीचं अ‍ॅप उघडत असेल तर माग तिथेच तुटू शकतो; नेटवर्कला अ‍ॅपमधली विक्री मोजली जाते का ते विचारा. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक: दुकानदार फोनवर पाहतो, कंपनीचा विक्री प्रतिनिधी त्याला फोन करतो आणि सौदा फोनवरच होतो. त्या विक्रीचं कमिशन अटींत लिहिलेलं नसेल तर मिळत नाही. ब्राउझरमध्ये बसवलेली, कूपन देणारी एक्स्टेंशन शेवटच्या क्षणी आपली कुकी बसवतात, हेही कारण असतं. आणि कधी ऑफरच बंद झालेली असते. रोज सकाळी सगळ्या लिंक तपासणारी साधी स्क्रिप्ट लावा. शनिवारी बंद पडलेली लिंक सोमवारी कळली तर दोन दिवसांचं बजेट पाण्यात.

भांडवल

रोज ५०० रुपये खर्च म्हणजे जीएसटीसह ५९०. पहिलं कमिशन खात्यात यायला ७५ दिवस लागत असतील, तर कॅम्पेन नफ्यात असूनही तोवर ४४,२५० रुपये अडकलेले असतात. येणाऱ्या कमिशनमधून टीडीएस कापला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण रोकड तेवढी उशिरा हातात येते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. ती झाल्यावर गूगलच्या बिलिंगमध्ये आपला जीएसटी क्रमांक लगेच भरा, तरच जाहिरातीवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. मग परवडणारी बोली नव्याने काढा: ६ रुपयांची मर्यादा ७ रुपये ५ पैशांवर जाते, आणि आधी हातातून निसटणारे काही कीवर्ड आवाक्यात येतात.